नदी गप्प झाली तेव्हाचा आकडा

आईचा मिस कॉल आला तेव्हा बेगायम जेवत होती. पाव मोडायचा, लगमनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, रश्श्यात बुडवायचा, दोन घास खायचे आणि परत संगणकाच्या पडद्याकडे बघायचं, हे तिचं रोजचं जेवण. फोन होता पिशवीत. दोन वाजून सोळा मिनिटांनी तिने तो काढला, दोन वाजून दोनचा कॉल दिसला, परत लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर. साखर संपली असेल, असं स्वतःशीच म्हणत तिने फोन पालथा ठेवला.

तिची आई, बुर्माकान आपा, उन्हाळाभर वर कॉक-जारच्या खोऱ्यात असायची. नदीकाठी नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, सहा तंबूंचा तळ, एकवीस माणसं, घोड्या, आणि काठावरच्या लांब दोरीला बांधलेली शिंगरं. शिंगरू बांधून ठेवलं की घोडी लांब जात नाही, दर दोन तासांनी दूध द्यायला येऊन उभी राहते. तळावर फोनला रेंज नाही. त्यासाठी वीस मिनिटं चढ चढून मोठ्या खडकापाशी जावं लागतं, आणि आपाचे गुडघे काही पंचविशीतले नाहीत. म्हणून ती आठवड्यातून एकदाच चढायची, शुक्रवारी. मिस कॉल द्यायची, मग बेगायम फोन लावायची आणि साखर, मीठ, बॅटऱ्या असली यादी लिहून घ्यायची. आता बघा, त्या दिवशी होता मंगळवार. एवढी शिकलेली बाई, पण हे तिच्या ध्यानात आलं नाही.

बेगायमचं पोट आकड्यांवर चालायचं. कॉक-जारच्या डोक्यावर हिमनदीखाली एक तळं आहे. ते कधी फुटलं तर चिखल, दगड, झाडं असं सगळं घेऊन पाणी खोऱ्यातून खाली येणार, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून नदीकाठच्या जमिनीत वर, मध्ये आणि खाली तंबूंपाशी असे तीन कान पुरले होते. यंत्रंच ती, पण कचेरीत सगळे कानच म्हणायचे. जमीन किती थरथरते ते हे कान ऐकायचे आणि शहरातल्या इशारा कक्षात, बेगायमच्या पडद्यावर, कळवायचे. थरथर म्हणजे कधी झुळझुळ, कधी डोंगर कोसळल्याचा दणका. दोन्हींत दहा लाख पटींचा फरक. एवढा पसारा एका पडद्यावर मावायचा कसा? म्हणून तिच्या प्रोग्रॅमने त्याचा लॉग काढायचा. शाळेत तक्त्यावर बोट फिरवून काढतात, तोच लॉग. हजाराचे तीन होतात, लाखाचे पाच. आकडा एकाने चढला की समजायचं, जमीन दहापट हादरतेय. चारच्या वर गेला की तळावरच्या, आणि खालच्या गावातल्याही, खांबाचा हिरवा दिवा लाल होतो आणि भोंगा आपोआप वाजतो.

पण लॉग काढण्याआधी एक वजाबाकी होती. नदी नसतानाही जमीन अगदीच गप्प नसते. वारा असतो, यंत्राची स्वतःची गुणगुण असते. ती गुणगुण हिवाळ्यात मोजून ठेवली होती. कानाने ऐकलेल्यातून ती वजा करायची, उरेल ती नदी. साधी गोष्ट.

आणि एक नोंदवही होती. जुन्या साहेबांच्या काळापासूनची रीत: पडद्यावर काहीही दिसो, दर वीस मिनिटांनी खालच्या कानाचा आकडा हाताने वहीत उतरवायचा, दशांश चिन्हापुढची सहाही घरं. बेगायमला त्याचा भयंकर कंटाळा. संगणक साठवतोय की सगळं, मग ही कारकुनी कशाला, असं ती कितीदा म्हणाली असेल. त्या दिवशी दोन वीसला ती पेन घेऊन बसली, दोन पूर्णांक तीन एक आठ चार शून्य सहा असं लिहिलं, आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारताना वरच्या ओळीवर नजर गेली. दोन वाजताची नोंद: दोन पूर्णांक तीन एक आठ चार शून्य सहा. त्याच्या वर, एक चाळीसची: दोन पूर्णांक तीन एक आठ चार शून्य सहा. तिन्ही ओळी तिच्याच अक्षरात होत्या.

तिने पेन तिथेच टाकलं.

कारण वाहत्या नदीचा आकडा असा बसून राहत नाही हो. पहिली दोन घरं तासभर हलणार नाहीत एक वेळ, पण शेवटची घरं सतत वळवळतात. गोटा सरकला, घोडी पाण्यात उतरली, की शेवटचा आकडा बदललाच. सहाच्या सहा घरं चाळीस मिनिटं जशीच्या तशी राहणं म्हणजे तो आकडा जिवंत नाही. आणि तो मेलेला आकडा तिथे कोणी ठेवला, हे तिला लगेच कळलं. तिनेच ठेवला होता.

मार्चमधली गोष्ट. एका पहाटे अशी थंडी पडली की नदी गोठून पार मंदावली. कानांना जे ऐकू आलं ते हिवाळ्याच्या गुणगुणीपेक्षाही कमी. वजाबाकी गेली शून्याच्या खाली. आता शून्याखालच्या आकड्याला लॉग नसतोच. दहाचा कितीही घात करा, उत्तर उणे येत नाही. पण बेगायम ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची, ती भाषा असल्या वेळी थांबत नाही की ओरडत नाही. उत्तराच्या जागी मुकाट्याने 'आकडा नाही' एवढंच लिहून पुढे जाते. तेव्हाचा प्रोग्रॅम सावध होता: आकडा नाही म्हणजे काहीतरी बिनसलं, दिवा लाल, भोंगा चालू. खालच्या गावात त्या दिवशी लग्न होतं. चुलीवरचं मांस टाकून, नवरीला घोड्यावर घालून, अख्खं गाव डोंगरावर पळालं आणि दुपारपर्यंत बर्फात कुडकुडत बसलं. झालं काहीच नव्हतं. आठवडाभर कचेरीला शिव्यांची लाखोली वाहिली गेली. जिल्ह्याच्या साहेबांनी ओमुर्बेक बायकेंना, म्हणजे कक्षाच्या प्रमुखांना, उभं करून झापलं. बायके परत आले ते धुमसतच. म्हणाले, बेगायम, यंत्राला माहीत नसेल तर त्याने गप्प बसावं. माहीत नाही म्हणायला सरकार आपल्याला पगार देत नाही.

तिने भोंगा वाजवणारी ओळ काढून तिथे दुसरी घातली. उत्तर आकडा नसेल तर मागचा आकडाच धर. दिव्याला रंग दोनच होते, तिसरा कुठून आणणार? तेव्हापासून भोंगा एकदाही उगाच वाजला नव्हता, आणि तिची पाठही थोपटली गेली होती.

आता तिने ती साठवण उघडली ज्यात लॉग काढण्याआधीची थरथर जशीच्या तशी असते. तीनदा चुकीचं नाव टाइप झालं. उघडली. एक अडतीसपर्यंत नदी होती. एक एकोणचाळीसला तिन्ही कानांवरचा आवाज उतरू लागला, आणि चाळिसानंतर वजाबाकी उणे, उणे, उणे. ऐन जुलैच्या दुपारी, बर्फ वितळून नदी सगळ्यात जास्त खळाळते त्या वेळेला, कॉक-जारमध्ये नदीच नव्हती.

नदी आटत नाही दुपारी. नदी अडते. वर कुठेतरी दरड कोसळली, बर्फाचा कडा तोंडाशी पडला, आणि त्याच्या मागे पाणी साठतंय. चाळीस मिनिटं साठतंय. तिने फोन उचलून आईला लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. आणि मग तिला मंगळवार आठवला. मंगळवारी, भर उन्हात, दूध काढायचं सोडून आपा खडकावर कशाला चढली होती? तिला काहीतरी सांगायचं होतं. आणि आता फोन लागत नव्हता, म्हणजे आपा परत खाली उतरली होती. नदीच्या काठावर.

भोंगा हाताने वाजवायचं बटण कुलपाच्या पेटीत होतं, आणि लग्नाच्या त्या प्रकारानंतर किल्ली बायकेंच्या खिशात. ती धावतच त्यांच्या खोलीत गेली. बायके पियाल्यातून चहा पीत होते. तिने जेमतेम चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी पियाला खाली ठेवला आणि विचारलं, "आकडा किती आहे?"

"आकडा नाहीच आहे, बायके. तेच तर सांगतेय."

"पडद्यावर दोन पूर्णांक काहीतरी दिसतंय की. मी मघाशीच पाहिलं."

"ते खोटं आहे. चाळीस मिनिटांपूर्वीचं आहे ते."

बायके म्हणाले, आधी जिल्ह्याला फोन करू. उपग्रहाचं चित्र मागवू. एखादा माणूस घोड्यावरून वर पाठवायला सांगू. तिने विचारलं, किती वेळ लागेल? ते म्हणाले, तासभर. तिने त्यांना हिशेब सांगितला: आकडा चारच्या वर जाऊन भोंगा आपोआप वाजेल तेव्हा पाणी वरच्या कानापाशी आलेलं असेल. तिथून तळापर्यंत तीन मिनिटं. तळावरून खडकापर्यंत वीस. म्हाताऱ्यांना पंचवीस. बायके घाम पुसत ऐकत होते. तेही घाबरले होते, नाही असं नाही, पण त्यांची भीती जिल्ह्याच्या साहेबांची होती आणि तिची पाण्याची. दोन भित्री माणसं एका खोलीत असली की वेळ फार पटकन जातो.

"तुझी आई तिथे आहे," बायके हळू आवाजात म्हणाले, "म्हणून तुझं डोकं ठिकाणावर नाही."

"माझी आई तिथे आहे म्हणूनच आहे," ती म्हणाली. "ती ओळ मी घातली, बायके. मंजुरीच्या कागदावर सही तुमची आहे."

ते ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर पियाल्याशेजारी ठेवली, तिच्याकडे न बघता उठले आणि मी जरा गरम पाणी घेऊन येतो असं पुटपुटत बाहेर निघून गेले. किल्ली दिलीही नाही आणि नाकारलीही नाही. बेगायमला त्या क्षणी त्यांची चीड आली आणि कीवही आली. किल्ली तिने उचलली.

दोन एकोणतीसला तिने बटण दाबलं. सत्तर किलोमीटरवर भोंगा वाजू लागला असणार. असणार! तिला इथे काही ऐकू आलं नाही. कचेरीत पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर कोणीतरी कलिंगडं विकत होतं. भोंगा वाजला का, दिवा लाल झाला का, कोणी मान वर करून पाहिलं का, हे सांगणारं तिच्याजवळ कोणी नव्हतं. मार्चमध्ये फसलेली माणसं ती. 'झालं यांचं सुरू' म्हणून पुन्हा दूध काढायला बसली तर?

तिने प्रोग्रॅममध्ये जाऊन ती एक ओळ पुसली. पुसायला दोन सेकंद लागले. दोन पूर्णांक तीन एक आठ नाहीसं झालं आणि तिन्ही कानांपुढे दिसलं: आकडा नाही, आकडा नाही, आकडा नाही. मग खालच्या कानापुढे काहीतरी लुकलुकलं. शून्य पूर्णांक चार. परत काही नाही. शून्य पूर्णांक सात. खूर असतील? घोड्या चढावर निघाल्या असतील? की नुसत्याच भोंग्याला बिचकून काठाकाठाने उधळल्या असतील? घोड्या कुठे जातायत ते आकडा सांगत नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसून, पदवीधर बाई, त्या दोन दशांशांमध्ये आपल्या आईची पावलं शोधत राहिली.

दोन त्रेचाळीसला वरचा कान बोलला. एक. दोन. तीन पूर्णांक पाच. इतरांना हे आकडे काय, बाजारात मिरच्या मोजल्यासारखे वाटले असते. पण तिला लॉग कळत होता, हेच तिचं दुर्दैव. प्रत्येक पायरीला दहापट. चार. पाच. पाच पूर्णांक नऊ. सहा पूर्णांक एक, आणि वरचा कान संपला. आकडा नाही. मग मधला चढू लागला, तसाच, आणि संपला. खालचा कान तळापासून दोनशे पावलांवर होता. तो पाचापर्यंत गेला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिन्ही ओळी सारख्याच होत्या.

सतरा मिनिटं. भोंग्यापासून पाण्यापर्यंत सतरा. खडकाला लागतात वीस. हा हिशेब तिने बोटांवर केला, कागदावर केला, परत बोटांवर केला. बायके आत येऊन दाराशी उभे राहिले, हातात रिकामी किटली. तिने आईला एकेचाळीस वेळा फोन लावला.

तीन वाजून चोवीस मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर 'आपा'. उचलायला गेली तर तो हातातून निसटून टेबलाखाली पडला, आणि ती तशीच गुडघ्यांवर बसून, टेबलाखालूनच बोलली.

"आपा?"

"आहे, पोरी. आहे मी. सगळी आहोत. एकवीस. दोनदा मोजली."

आपाला धाप लागली होती, तरी तिला सगळं एका दमात सांगायचं होतं. तिने सांगितलं ते असं: दुपारी दूध काढताना तिला अचानक घोडीचं गवत चावणं ऐकू आलं. माश्या ऐकू आल्या. म्हणजे नदी गप्प झाली होती. तिच्या बापाने लहानपणी बजावलं होतं, नदी गप्प झाली की भांडीही उचलायची नाहीत, वर पळायचं. तिने आरडाओरडा करून सगळ्यांना खडकावर नेलं. तिथून बेगायमला फोन केला, तो कोणी घेतला नाही. सगळे वर बसले. खाली बघतात तर खांबावरचा दिवा हिरवा. दहा मिनिटं झाली, हिरवा. कादिर अता, तिथले सगळ्यात वयस्क, कुरकुरू लागले की म्हातारीच्या बापाचं ऐकून गुडघे मोडले आमचे, दुधाची वेळ टळतेय, शिंगरं खाली बांधलेली आहेत. आपा सांगताना हसलीदेखील.

"मग मीच म्हटलं, माझ्या पोरीचा दिवा आहे तो. खोटं बोलायचा नाही. चला खाली. आणि मीच सगळ्यांना घेऊन उतरले."

बेगायमने टेबलाचा पाय धरला.

मग भोंगा वाजला, आपा सांगत होती. बादल्या टाकून धावलो. या वेळी चढाची आडवी पायवाट नाही धरली, सरळ वरच गेलो, चार पायांवर. कादिर अताला घोडीवर पालथं घातलं. सगळ्यात शेवटची मी. खाली बघितलं तर तंबू नव्हते. नदी नव्हतीच ती, काळी भिंत होती. मग वरच्यावर आडवं चालत फोनसाठी या खडकापाशी यायला अर्धा तास गेला. शिंगरं सात सोडता आली, चार राहिली दोरीला. चार राहिली, हे तिने परत एकदा सांगितलं. आणि मग म्हणाली, मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या पोरीने वाचवलं तुम्हाला.

"नाही, आपा," बेगायम म्हणाली. तिला बोलायचं नव्हतं. बायके दारात उभे होते आणि मानेने नको, नको म्हणत होते. "दिवा माझ्यामुळेच हिरवा होता. नदी गप्प झाली तेव्हा यंत्राला काहीच कळत नव्हतं. कळत नसेल तर जुनाच आकडा दाखव, असं मीच त्याला शिकवून ठेवलं होतं. तू वर होतीस. तुला मी खाली आणलं."

पलीकडून आवाज आला नाही. वारा नाही, श्वास नाही. आज दुपारपासून गप्प होणाऱ्या कशाचीही तिला भीती बसली होती. फोन तुटला की काय म्हणून तिने कानापासून काढून पाहिला. चालू होता.

मग लांबून कादिर अताचा आवाज ऐकू आला. पाणी ओसरलंय, मी जातो बघायला, एखादं शिंगरू अडकलं असेल जिवंत, असं काहीतरी ते म्हणत होते. आणखी दोघं हो हो म्हणाले. आपा फोनपाशी परत आली. आवाज बदललेला होता, पण विचारलं तिने बेगायमलाच. दुसऱ्या कोणाला विचारणार होती?

"ते उतरू म्हणतात. वर अजून पाणी राहिलंय का? तुझा आकडा काय सांगतो?"

बेगायमने टेबलाखालून मान बाहेर काढून पडद्याकडे पाहिलं. तळ्यातलं सगळं पाणी आलं की अर्धंच, मागे आणखी काही अडलंय की नाही, सांगणारं आता खोऱ्यात काहीच शिल्लक नव्हतं. तीन कान होते तिथे तीनदा तेच लिहिलेलं होतं. हो म्हणावं, नाही म्हणावं, काहीतरी एक ठामपणे सांगावं, म्हणजे आपाला धीर येईल, असं तिला फार वाटलं.

"आकडा नाही, आपा," ती म्हणाली. "मला माहीत नाही. कोणी उतरू नका."

"मग मघाशी त्या दिव्यालाही एवढंच सांगू द्यायचं होतंस ना ग," आपा म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून तिने कादिर अताला तिथेच बसायला सांगितलं.